पूजेला बसलेला सर्व्हर

बंगलोर,
१३ सप्टेंबर १९९८

बाळकाका,

नमस्कार शेवटी घालीन, आधी तक्रार ऐकून घ्या. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन आपल्या हॉलमध्ये आणि बाबा फोनशेजारच्या खुर्चीत. दर रविवारी मी त्यांना "सगळं ठीक" म्हणते आणि खरं काय ते तुम्हाला लिहिते.

मी नेमकं काय करते, असं तुम्ही मागे विचारलं होतं. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्याने जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाचं समाधान होऊही नये. तर असं आहे. आमची पंप बनवणारी कंपनी. लालबाग रोडला मुख्य कचेरी, बोम्मसंद्र्याला कारखाना, येलहंक्याला गोदाम. सकाळी माणूस कॉम्प्युटरसमोर बसतो, आपलं नाव आणि पासवर्ड टाकतो, आणि त्याला त्याच्या फायली, त्याच्या ऑर्डरी, त्याचा प्रिंटर मिळतो. हा माणूस आपला आहे का आणि याला कुठवर आत सोडायचं, हे सर्व्हर ठरवतो. सगळ्यांच्या नावांची मुख्य यादी लालबाग रोडच्या सर्व्हरवर असते. तिच्या दोन नकला, एक येलहंक्याच्या सर्व्हरवर आणि एक बोम्मसंद्र्याच्या. मुख्य यादीत काही बदललं की नकलांमध्ये ते आपोआप बदलतं. या तिघांना गुण्यागोविंदाने नांदवायचं, ही माझी नोकरी.

आता तक्रार. बोम्मसंद्र्याला त्रिविक्रमराव नावाचे सुपरवायझर आहेत. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या इथे गेल्या की निम्मं बोलणं कानडी. खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात. आपण पाटावर चार पाने-पकडी मांडतो आणि मोकळे होतो. इथे आदल्या संध्याकाळी अख्खा कारखाना बंद करतात, यंत्रं धुतात, गंध लावतात, फाटकात कोहळा फोडतात. पुढे दसरा, मग गांधीजयंती, मग शनिवार-रविवार, म्हणजे थेट सोमवारीच कारखाना सुरू. करा बापडे, माझं काय जातं? पण हे गृहस्थ सर्व्हरही बंद करून पूजेला बसवणार आहेत. मी म्हटलं, तो बंद करायचा नसतो. तर म्हणाले, "अक्का, लेथला विश्रांती, भट्टीला विश्रांती, मग यानेच काय पाप केलं?"

मला हसू आलं आणि रागही आला. माझे सहा महिने ऑक्टोबरअखेर संपतात. मला कायम करायचं की नाही, ते आमचे साहेब उमाकांतसर ठरवणार. कायम झाले तर मी इथे राहते, नाही तर बाबांनी नागपूरच्या कॉलेजात शब्द टाकून ठेवलेलाच आहे. माझ्यासाठी तुम्ही बाबांपुढे जामीन राहिलात, ते मी विसरलेले नाही. अशा वेळी कुणी माझ्या सर्व्हरला हळदकुंकू लावून झोपवलेलं मला परवडत नाही. काय करू, ते सांगा.

आता नमस्कार.

नयना

*

नागपूर,
१९ सप्टेंबर १९९८

चि. नयना,

तुझा नमस्कार पत्राच्या तळाशी सापडेपर्यंत मी थांबलो नाही, आशीर्वाद पहिल्याच ओळीला देऊन टाकले.

त्रिविक्रमरावांना माझ्या वतीने विचार की विजेचा प्रवाह पंचांग बघून वाहतो का. यंत्राला विश्रांती लागते हे मला मान्य आहे, पण ती वंगणाची आणि थंड हवेची. गंधाचा टिळा लावून लेथ जास्त दिवस चालल्याचं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. छत्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं आणि मुलं परीक्षेच्या दिवशी टेकडीच्या गणपतीला जाऊनच पेपरला बसली, तो भाग वेगळा.

तू लेखी कळव. तोंडी सांगितलेलं या कानाने येतं आणि त्या कानाने जातं. चांगलं खरमरीत लिही. सर्व्हर कोणत्याही कारणासाठी बंद करायचा नाही, केल्यास जबाबदारी आपली, असं स्वच्छ लिहून खाली सही ठोक. पोरसवदा मुलगी आहे म्हणून लोक चालवून घेतात. एकदा कडक झालीस की पुन्हा व्हावं लागत नाही.

दादाचं म्हणशील तर तो रोज जेवताना विचारतो, तिचं काय ठरलं? मी घास गिळून म्हणतो, ठरेल. तो म्हणतो, आपल्या घरात मुलींनी परगावी एकटं राहून नोकरी केलेली नाही. मी म्हणतो, आपल्या घरात आधी कुणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं. मग वहिनी दोघांनाही भाजी वाढते आणि विषय तिथेच थांबतो. तू काळजी करू नकोस. मी दादाला शब्द दिला आहे, पण तो तुझ्या जिवावर दिला आहे, हे मात्र ध्यानात ठेव.

तुझा
बाळकाका

*

बंगलोर,
५ ऑक्टोबर, सोमवार सकाळ

बाळकाका,

चहा पुढ्यात आहे, थोड्या वेळाने कचेरीत निघायचं आहे. आज नाही लिहिलं तर पुढे कदाचित पत्राऐवजी मीच येईन.

तुम्ही सांगितलंत तसा त्रिविक्रमरावांना फॅक्स पाठवला. तुमच्यापेक्षा दोन अंश जास्तच कडक लिहिला. त्यांचा फोन आला, "सरी मॅडम," म्हणजे ठीक आहे, आणि मंगळवारी संध्याकाळी त्यांनी सर्व्हर शांतपणे बंद केला. पण आता ते भांडण किरकोळ वाटतं.

शनिवारी इथे कचेरी चालू होती. दसरा झाला, नवी सुरुवात, म्हणून नोकरी सोडून गेलेल्या लोकांची नावं यादीतून काढून टाकायचं ठरलं. काढताना निवड उलटी झाली. गेलेल्यांची नावं राहिली आणि असलेल्यांची सगळी पुसली. आजच्या घडीला आमच्या कंपनीत फक्त नोकरी सोडून गेलेल्यांना प्रवेश आहे. चूक कुणाची, हे आत्ता महत्त्वाचं नाही. मुख्य सर्व्हरने ती इमानेइतबारे येलहंक्यालाही कळवली, आणि तिथलीही नावं पुसली गेली.

तुम्ही म्हणाल, नावं पुन्हा घाला. तसं होत नाही. प्रत्येक नावाच्या पोटात सर्व्हरने दिलेला एक आकडा असतो. फायली नाव ओळखत नाहीत, तो आकडा ओळखतात. तेच नाव पुन्हा घातलं तर आकडा नवा मिळतो. उमाकांतसरांनी स्वतःचं नाव पुन्हा घालून बघितलं, तर त्यांच्याच फायलींनी त्यांना दारात उभं केलं नाही.

यादीची टेप आम्ही रोज काढून ठेवतो. पण कचेरीतही पूजा झाली होती ना. कुणीतरी भक्तिभावाने टेपच्या यंत्रावर अक्षता वाहिल्या, त्यातला एक दाणा आत गेला. पहिली टेप चुरगळली. का चुरगळली ते कळायच्या आत आम्ही दुसरी घातली, तीही गेली. याच दोन टेपा आम्ही आलटून पालटून वापरत होतो.

मुंबईहून बाहेरच्या कंपनीची माणसं उद्या येणार आहेत. सगळं मोडून नव्याने बांधतील, आणि पुढेही सर्व्हर तेच सांभाळतील. मग तुला ठेवायचं कारण उरत नाही, असं उमाकांतसरांनी मला खाली मान घालून सांगितलं. काल रविवारी बाबांना मी फोनवर "सगळं ठीक" म्हटलं. आवाज जरा चिरकला, त्यांच्या लक्षात आलं का?

आणि ते त्रिविक्रमराव. आज कारखाना उघडला की आरामात सर्व्हर चालू करतील, जसं काही झालंच नाही. मंगळवारपासून नुसता बंद पडून आहे तो. मी इतकं लिहून कळवूनसुद्धा बंद

काका, तो शनिवारी बंद होता.

त्याला शनिवारचं काहीच कळलेलं नाही. परगावच्या नातेवाइकाला तार पोचली नाही आणि तो सुखात आहे, तसा तो आहे. त्याच्या पोटात सगळी नावं आकड्यांसकट तशीच असणार. पण चालू झाला की पहिल्यांदा तो मुख्य सर्व्हरला विचारणार, मागे काय झालं? आणि मुख्य सर्व्हर सांगणार.

कारखान्याचा फोन कुणी उचलत नाही. आमची कचेरी उघडायला अवकाश आहे, सर्व्हरच्या खोलीची किल्ली उमाकांतसरांकडे आणि त्यांचा फोन लागत नाही. जाते

*(याच कागदावर खाली, दुसऱ्या अक्षरात)*

मी सकवारबाई, नयनाची घरमालकीण. पोरगी चहा तसाच टाकून स्कूटर घेऊन गेली. हेल्मेट घाल म्हटलं तर ऐकलं नाही. जाताना जिन्यातून ओरडून मला विचारलं, सकवारअक्का, सोमवारचा राहुकाळ किती ते किती? मी म्हटलं, साडेसात ते नऊ. तर देवासारखे हात जोडले तिने मला. पत्र उघडं होतं, पाकिटावर पत्ता होता, म्हणून मीच टाकते आहे. मला स्वल्प काळजी वाटते. तुम्हाला कळलं तर आम्हाला कळवा.

*

नागपूर,
९ ऑक्टोबर १९९८

चि. नयना,

तुझं अर्धं पत्र आणि सकवारबाईंच्या ओळी एकदमच वाचल्या. राहुकाळ विचारत तू कुठे गेलीस, याचा मला काही उलगडा होत नाही. माझी पुतणी संकटात पंचांग विचारू लागली म्हणजे संकट मोठंच असणार.

चूक कुणाची हे महत्त्वाचं नाही, असं लिहिलं आहेस. बाळ, मी इतकी वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका वाचल्या आहेत. जिथे उत्तर येत नाही तिथे मुलं असंच लिहितात. नावं तुझ्या हातून पुसली गेली असतील, तर गेली. चूक काम करणाऱ्याच्याच हातून होते. माझ्या हातून प्रयोगशाळेत एकदा एवढा स्फोट झाला होता की मुख्याध्यापक धोतर सावरत पळत आले होते. त्याने मी मास्तर व्हायचा राहिलो नाही.

आणि त्या सुपरवायझरला खरमरीत लिही, असं सांगणारा मीच. त्यामुळे तो तुझ्यावर डूख धरून बसला असेल, तर त्याचं पाप माझ्या माथी.

कॉलेजची मुलाखत दिवाळीनंतर आहे. दादाने तुला सांगितलेलं नाही, म्हणून मीही लपवलं होतं. आता सांगतो, कारण आता ते तुला आधाराचं वाटेल. परत ये. स्टेशनवर मी येईन. हरलीस असं कुणी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलंच तर त्याच्याशी मी बघेन. दादाला मी यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. तो काल म्हणत होता की फोनवर पोरीचा आवाज बसल्यासारखा वाटला. मी म्हटलं, तिकडची हवा.

लवकर चार ओळी पाठव.

बाळकाका

*

बंगलोर,
१४ ऑक्टोबर १९९८

बाळकाका,

स्टेशनवर येऊ नका. मी येत नाही.

तुमचं पत्र काल मिळालं. वाचून आधी हसले आणि मग चांगलीच रडले, कारण सगळी चूक माझी आहे असं समजूनही तुम्ही स्टेशनवर यायला निघाला होतात. आठवडाभर यंत्रांतून डोकं वर काढता आलं नाही, म्हणून लिहायला उशीर झाला. या रविवारी फोनवर मी बाबांना "सगळं ठीक" म्हटलं, ते या सहा महिन्यांत पहिल्यांदा शंभर टक्के खरं होतं. पण ते ऐकून तुम्हाला काय कळणार, दरवेळी तेच म्हणते.

तर त्या सोमवारी मी होसूर रोडने स्कूटर अशी हाणली की ते तुम्हाला न सांगितलेलंच बरं. रस्ताभर एकच हिशेब डोक्यात होता. कारखाना आठला उघडतो. दुसरा कुणी असता तर आठला बटण दाबून मोकळा झाला असता. पण त्रिविक्रमराव राहुकाळात कोणतीही गोष्ट सुरू करत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. एरवी मी त्यावरून त्यांची टिंगल करते. त्या दिवशी मी त्यांच्या त्या हट्टावर सगळी भिस्त ठेवून निघाले होते.

पोचले तेव्हा ते सर्व्हरसमोर हातावर हात ठेवून उभे होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सर्व्हरला गंधाची बोटं, झेंडूची माळ, पुढे नारळ. नारळाखाली माझा फॅक्स, त्यालाही हळदकुंकू. मॅडमचा हुकूम मोडावा लागला, पण त्याचा अनादर नको, म्हणून त्यांनी तो पूजेत ठेवला होता. काका, या माणसावर काय रागवायचं?

मला बोलायला श्वास नव्हता. मी सरळ मागे गेले आणि सर्व्हरची नेटवर्कची तार उपसून काढली. आता याच्याशी कुणी बोलू शकत नव्हतं आणि हा कुणाला काही विचारू शकत नव्हता. मग मी त्यांना शनिवारची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं,

"म्हणजे तुम्ही लिहिलं तसं मी केलं असतं, तर?"

मी म्हटलं, "तर मी आज नागपूरच्या गाडीत असते."

त्यांच्या जागी मी असते तर दसऱ्याचं सोनं लुटल्यासारखं कारखानाभर सांगत फिरले असते. त्यांनी फक्त मला खुर्ची दिली आणि नऊ वाजेपर्यंत बसवून ठेवलं. मी म्हटलं, तार काढली आहे, आता चालू केला तरी धोका नाही. तर म्हणाले, "धोका नाही, पण राहुकाळ आहे." मी मुकाट्याने बसले.

नऊनंतर त्यांनी बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, मी यादी उघडली, आणि काका, सगळी माणसं होती. अकाउंट्सच्या शालनबाई होत्या, येलहंक्याचे गोदामवाले होते, मी होते, उमाकांतसर होते. प्रत्येक जण आपापल्या आकड्यासकट. इतकी कंटाळवाणी यादी मी इतक्या प्रेमाने कधी वाचली नव्हती.

पुढचं काम माझं होतं आणि ते मला येत होतं. नक्कल असलेल्या सर्व्हरला मुख्य करता येतं. मी तशी आज्ञा दिली. त्याने बजावलं की मुख्य सर्व्हर सापडत नाही, तरीही पुढे जायचं का? मी हो म्हटलं आणि बोम्मसंद्र्याचा सर्व्हर मुख्य झाला. पण लालबाग रोडचा जुना मुख्य अजून जिवंत होता, आणि एका घरात दोन कर्ते झाले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तोवर उमाकांतसर कचेरीत पोचले होते. त्यांना फोन करून मी सांगितलं, आपला सर्व्हर बंद करा, काही विचारू नका. त्यांनी बंद केला.

कारखान्याची टेलिफोनची तार फार संथ आहे, सगळ्या कचेरीचं काम तिच्यावरून निघालं नसतं. म्हणून सर्व्हर उचलून न्यायचं ठरलं. कंपनीच्या मॅटॅडोरमध्ये मागे मी बसले आणि शेजारी त्रिविक्रमराव सर्व्हर मांडीवर घेऊन बसले. पूजेचं यंत्र एकटं पाठवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सिल्क बोर्डाच्या चौकात गाडी अडकली, तेव्हा बाजूच्या बसमधली माणसं खिडकीतून माळ घातलेल्या त्या डब्याला नमस्कार करत होती. मीही एक करून टाकला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मनातल्या मनात केला.

कचेरीत सगळे हातावर हात धरून बसले होते. सर्व्हर जोडला. येलहंक्याच्या सर्व्हरला आधीचं सगळं विसरून नव्याने लिहून घ्यायला लावलं. मग मी शालनबाईंना बसवलं, कारण त्या कुणाचंही समाधान होऊ देत नाहीत. त्यांनी चष्मा लावला, नाव घातलं, आपला जुना पासवर्ड घातला, आणि त्यांचा कॉम्प्युटर उघडला. त्यांच्या फायली, त्यांचे कागद, सुट्टीवर जाताना अर्धवट टाकलेलं पत्रसुद्धा. त्या एवढंच म्हणाल्या, "आलं." मग शेजारच्या टेबलावर आलं, पलीकडे आलं, वरच्या मजल्यावरून ओरडण्याचा आवाज आला, येलहंक्याहून फोन आला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्रिविक्रमराव दारात उभे होते, त्यांना मी हाताला धरून आत आणलं. काका, तुमच्यापासून काय लपवायचं? मला वाटलं की मी जग जिंकलं. अजून वाटतं आहे.

आता चूक कुणाची ते. निवड उलटी केली उमाकांतसरांनी. शनिवारी मी बाजूच्या टेबलावर होते. मी ते पत्रात लिहिलं नाही, कारण ते आधीच मेल्याहून मेले झाले होते, आणि त्यांनी कुठेही माझं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त काहीच सांगितलं नव्हतं, आणि लोकांनी तुमच्यासारखाच तर्क केला होता. सोमवारी संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत उमाकांतसर उभे राहिले आणि म्हणाले, "पुसलं मी, आणलं हिने." मुंबईच्या माणसांना येऊ नका असा फॅक्स त्यांनीच पाठवला. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली आणि आता ती माझ्याचकडे असते. कायम केल्याचं पत्र शुक्रवारी मिळालं. महिनाअखेरपर्यंत थांबले नाहीत.

चुरगळलेल्या टेपा आणि अक्षतांचा दाणा यांबद्दल तुमचं भाषण मला ऐकू येतं आहे. एका पूजेने मारलं आणि दुसऱ्या पूजेने तारलं, तेव्हा देवीचा आमच्याशी हिशेब चुकता आहे. मला त्यातून एवढंच कळलं की एखादी नक्कल सगळ्यांपासून तोडून, बंद करून ठेवावी. दर आठवड्याला ठेवायची, असा नियम मी परवाच लावला. बोम्मसंद्र्याला त्याची पूजा करायची की नाही, ते त्रिविक्रमरावांनी ठरवावं.

बाबांना तुम्ही सांगा. मी सांगायला गेले तर "सगळं ठीक" याच्यापुढे माझी जीभ वळणार नाही.

सकवारअक्कांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे, आणि पोरगी आता जेवते असं कळवायला सांगितलं आहे.

नयना

*

नागपूर,
१८ ऑक्टोबर १९९८

चि. नयना, विजयी भव असं लिहायला घेतलं होतं, पण ते तू आधीच होऊन बसलीस.

पहिल्याप्रथम माझी हार मान्य करतो. पूजेने सर्व्हर वाचला, हे मी मरेपर्यंत म्हणणार नाही. सर्व्हर बंद होता म्हणून वाचला. तो बंद का होता, या प्रश्नाला मात्र मी उत्तर देत नाही, तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. आणि कडक लिहिण्याचा माझा सल्ला त्या भल्या माणसाने नारळाखाली ठेवला, यापरता योग्य निकाल मीही दिला नसता. त्रिविक्रमरावांना माझा नमस्कार सांग. मनातल्या मनात नको, मोठ्याने सांग.

दुसरं, तुझ्यावर संशय घेतला म्हणून कान धरतो. आणि परत ये म्हटलं, त्याबद्दल दुसराही धरतो. मी तुझा जामीन आणि ऐन वेळी मीच डगमगलो. तू डगमगली नाहीस.

आता दादा. तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं नाही, वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता, मला वाटलं झोपला. मग म्हणाला, ती मोटारीतली जागा पुन्हा वाच. वाचली. म्हणाला, टाळ्यांची पुन्हा वाच. तीही वाचली. मग चप्पल घालून बाहेर गेला.

मी संध्याकाळी चौकात गेलो तर दादा किराणावाल्यापाशी उभा राहून चारचौघांना सांगत होता की आपल्या नयनाने बंगलोरच्या सगळ्या कंपनीची पुसलेली माणसं गाडीत घालून परत आणली. पोलीस आले होते, असंही काहीतरी म्हणत होता. अर्ध्याहून अधिक चूक होतं. पण काय ऐटीत सांगत होता! छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, ही तशीच राहू दिली.

चिवडा आणि अनारसे पार्सलने पाठवले आहेत. त्यातला एक डबा त्रिविक्रमरावांचा. दादाने मला तुझा पत्ता विचारून घेतला आहे. कशाला, ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तुझा
बाळकाका

*

नागपूर,
२२ ऑक्टोबर १९९८

चि. नयना,

मला पत्र लिहायची सवय नाही. बाळ लिहितो, म्हणून मी आजवर लिहिलं नाही. फोनवर तुझी आई मागे उभी असते, त्यामुळे तिथेही बोलणं होत नाही.

बाळने सगळं वाचून दाखवलं. त्या आकड्यांचं मला फारसं कळलं नाही. तू वेळेवर पोचलीस आणि लोकांची कामं सुरू झाली, एवढं कळलं. स्कूटर हळू चालवत जा. हेल्मेट घाल. सकवारबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांनी घरच्यासारखं लक्ष ठेवलं.

तुझ्यासाठी कॉलेजात मी शब्द टाकला होता. काल प्राचार्यांकडे स्वतः जाऊन आलो आणि मुलगी मुलाखतीला येणार नाही, असं सांगितलं. ते जुन्या ओळखीचे आहेत. जरा नाराज झाले. म्हणाले, इतकी चांगली जागा घरच्या गावात मिळते आहे, मग अडचण काय? तिचं लग्न ठरलं का?

मी म्हटलं, लग्न नाही. तिच्यावाचून तिकडे अडतं.

तुझे बाबा